दोन माणसं, एक हॅलोजन ओव्हन आणि झाकणाचा प्रश्न

पार्श्वभूमी

डोंबिवलीत माझ्या मावशीचं वन बीएचके घर आहे. घरात माणसं दोनच. मावशी ६६ वर्षांची, काका ७१ वर्षांचे. मुलगा-सून बंगळूरला असतात, नातवंडं दिवाळीत आणि मे महिन्यात येतात. ओळख पटू नये म्हणून घरच्या काही गोष्टी बदलल्या आहेत, पण मोजमापं आणि झालेल्या चुका आहेत तशा लिहिल्या आहेत, कारण हे लिहिण्याचं कारणच त्या आहेत.

मावशी मालवणकडची. आठवड्यातून तीनदा ताटात मासा हवा आणि तो रव्यात घोळवून तव्यावर कुरकुरीत तळलेला हवा, ही तिच्या घरची चाळीस वर्षांची रीत. २०२२च्या जूनमध्ये काकांची अँजिओप्लास्टी झाली आणि डॉक्टरांनी तळण जवळजवळ बंद करायला सांगितलं. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, त्यात श्रावण आणि गणपती, म्हणून दोन-अडीच महिने निभावले. पण गौरी-गणपती आटोपले की मासा पुन्हा सुरू होणार होता. वाफवलेला मासा काकांच्या गळी उतरत नव्हता, आणि त्यांना वरण-भात वाढून स्वतः तळलेला बांगडा खायला मावशी तयार नव्हती. भाजणारं काहीतरी घ्यायचं ठरलं आणि ते शोधायचं काम माझ्याकडे आलं.

अडचण नेमकी काय होती

आम्ही कागदावर चार गोष्टी लिहिल्या. एका वेळी चार मध्यम बांगडे बसावेत. भरताचं वांगं आणि रताळी भाजता यावीत. नातवंडं आली की नानकटाई किंवा छोटा केक व्हावा. खर्च पाच हजारांच्या आत असावा. पाचवी अट जागेची होती. ओटा सात फुटांचा, त्यात शेगडी, सिंक आणि मिक्सर, म्हणजे मोकळी उरते ती सिंकच्या उजवीकडची दीड फूट जागा.

सहावी गोष्ट आमच्यापैकी कुणीच लिहिली नाही. मावशीच्या उजव्या मनगटात वर्षभर कळ येत होती. कुकरचं झाकण लावतानाही ती काकांना हाक मारायची. हे आम्हाला तिघांनाही माहीत होतं, पण ओव्हन निवडताना त्याचा काही संबंध असेल असं वाटलं नाही. पुढे सगळं प्रकरण त्याच मनगटाशी येऊन थांबलं.

समोरचे पर्याय

पहिला विचार ओटीजीचा, म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिलचा. खाली-वर कॉइल असल्याने केकला तळापासून उष्णता मिळते, दार पुढे उघडतं, दुकानदाराला कळतो आणि दुरुस्त करणाराही गल्लीत मिळतो. अडचण आकाराची होती. चार बांगडे मावतील असा ओटीजी मोकळ्या जागेत बसत होता, पण दार उघडल्यावर ते ओट्याच्या कडेबाहेर यायचं, आणि त्या अरुंद स्वयंपाकघरात मागून दुसरं माणूस जाऊ शकलं नसतं. शिवाय मासा ठेवण्याआधी दहा मिनिटं तो नुसता तापवावा लागतो.

एअर फ्रायर तेव्हा सगळीकडे चर्चेत होता. चार लिटरच्या टोपलीत दोन बांगडे नीट बसतात, चार ठेवायचे तर एकावर एक येतात आणि मग ते भाजले न जाता उकडले जातात. मोठा घ्यायचा तर पैसे वाढतात. मावशीचा आक्षेप वेगळा होता. "आत काय चाललंय ते दिसत नाही. मी मासा डोळ्यांनी शिजवते गं." मला तेव्हा तो हट्ट वाटला. आता वाटतं की इतक्या वर्षांचा हात असलेल्या माणसाचं ते बरोबरच होतं. माशावर पाणी सुटतं, मग ते आटतं, मग कड सोनेरी होते. ती वेळ पाहूनच कळते.

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह, म्हणजे गरम हवेने भाजणाराही, पाच हजारांत येत नव्हता, आणि घरातला जुना साधा मायक्रोवेव्ह बटणांच्या गोंधळामुळे आधीच माळ्यावर गेला होता.

हॅलोजन ओव्हन सुचवला माझ्या भावाने. तो लेस्टरला राहतो. इंग्लंडमधल्या छोट्या घरांत हे यंत्र बऱ्याच वर्षांपासून आहे, आणि २०२२मध्ये तिकडे विजेचे दर भडकल्यावर त्याने घरातला मोठा ओव्हन बंदच ठेवला होता. यंत्राची रचना साधी आहे. दहा-बारा लिटरचं काचेचं गोल भांडं, आत उंच आणि बुटक्या अशा दोन जाळ्या, वर जड झाकण. झाकणात वर्तुळाकार हॅलोजन दिवा, पंखा, तापमानाचं बटण आणि घड्याळाचं बटण. दिव्यात क्वार्ट्‌झच्या नळीत टंगस्टनची तार असते. तिच्यातून प्रकाशापेक्षा कितीतरी जास्त उष्णता बाहेर पडते, ती थेट पदार्थाच्या पृष्ठभागावर पडते आणि पंखा गरम हवा भांडंभर फिरवतो. त्यामुळे माशाची वरची बाजू लवकर खरपूस होते आणि आधी तापवत बसावं लागत नाही. काच असल्याने सगळं दिसतं. स्टीलची रिंग लावली की भांड्याची उंची वाढते आणि बारा लिटरचे सतरा होतात.

निर्णय

भाऊ म्हणाला, "मी येताना घेऊन येतो." तिकडचा दाब आपल्याइतकाच, २३० व्होल्ट, त्यामुळे यंत्र इथे चाललं असतं. तरी आम्ही नाही म्हटलं. तिकडच्या प्लगचे चपटे तीन पाय आपल्या सॉकेटमध्ये जोडणी (अ‍ॅडॅप्टर) लावल्याशिवाय बसत नाहीत, आणि सैल बसलेल्या जोडणीतून तासभर मोठा प्रवाह गेला तर ती जोडणीच तापून वितळू लागते. काच सामानातून आणायची धास्ती वेगळी, दिवा गेल्यावर तसाच दिवा इथे शोधायचा त्रास वेगळा. हा निर्णय मी आजही बदलणार नाही.

ठाण्याच्या एका दुकानातून साडेतीन हजारांना १३०० वॅटचा, बारा लिटरचा ओव्हन घेतला. झाकण सुटं, म्हणजे पूर्ण उचलून बाजूला ठेवायचं. त्याच दुकानात बिजागरीचं झाकण असलेलं मॉडेल होतं. त्यात झाकण एका दांड्याला जोडलेलं असतं आणि वर ढकललं की मागे उभं राहतं. ते हजार रुपयांनी महाग होतं, आणि मागे कलंडलेल्या झाकणाला ओट्यावर जागा जास्त लागेल म्हणून मीच ते नाकारलं. निवडीच्या वेळी मी वॅट पाहिले, लिटर पाहिले, किंमत पाहिली. मावशीला झाकण एकदा हातात धरून बघ असं मी म्हटलं नाही.

वायरिंगचं मात्र नीट केलं, आणि त्याचं श्रेय काकांचं. १३०० भागिले २३०, म्हणजे साडेपाच अँपिअरच्या वर. ओट्याजवळचा पॉइंट सहा अँपिअरचा, तोही मिक्सरचा, इमारत १९९०च्या सुमारची. कागदावर हे जेमतेम बसतं, पण तीस वर्षं जुन्या सॉकेटवर रोज अर्धा तास इतका भार टाकायला काका तयार नव्हते. वायरमनला बोलावून त्यांनी बोर्डापासून चार स्क्वेअर एमएमची वेगळी वायर, स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की वीज आपोआप तोडणारा स्विच) आणि १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट करून घेतला. अर्थिंगही तपासून घेतलं. त्याला हजार-बाराशे रुपये गेले. यंत्राच्या किमतीत हा खर्च आधीच धरायला हवा, जो आम्ही धरला नव्हता.

पहिला महिना

पहिल्याच दिवशी मावशीचा फोन. "अगं, दिवा विझला! मशीन गेलं वाटतं." मागून काकांचा आवाज आला, "अगं थांब, परत लागला." ठरवलेलं तापमान गाठलं की दिवा आपोआप विझतो, उतरलं की पुन्हा पेटतो, पंखा मात्र फिरत राहतो. यंत्र तसंच चालतं. हे दुकानात कुणी दोन वाक्यांत सांगितलं असतं तर त्या दिवशीची धावपळ वाचली असती. दुसरी गोष्ट दांड्याची. झाकणावरचा दांडा पूर्ण खाली दाबल्याशिवाय वीज सुरू होत नाही आणि तो उभा केला की लगेच तुटते. ही सोय सुरक्षिततेसाठी आहे, पण आधी माहीत नसेल तर यंत्र बिघडलं असंच वाटतं.

बांगडा जमायला तीन खेपा लागल्या. पहिल्यांदा मावशीने नेहमीसारखा आगळ (कोकमाचा घट्ट रस), हळद, तिखट, मीठ, आलं-लसूण लावून कोरड्या रव्यात घोळवला आणि उंच जाळीवर २३० अंशांवर ठेवला. वरून करपला, काट्याजवळ कच्चा, आणि रवा दाताखाली कचकच करणारा. रव्याला कुरकुरीत व्हायला तेल लागतंच, हे तेव्हा कळलं. आता ती दोन चमचे रवा एक चमचा तेलात आधीच कालवून घेते. चार बांगड्यांना एवढंच तेल. बुटकी जाळी, २०० अंश, एक बाजू दहा मिनिटं, उलटून सात मिनिटं. तव्यावरच्या माशाची बरोबरी होत नाही असं मावशी अजूनही स्पष्ट सांगते. काका मात्र जेवतात, आणि सगळी उठाठेव त्याचसाठी होती.

वांग्याचं भरीत हा माझ्या मते या यंत्राचा सगळ्यात चांगला उपयोग, एका दुरुस्तीसह. वांग्याला सुरीने चार-पाच टोचे मारायचे, नाहीतर ते आत फुटतं आणि काचेवर सगळीकडे उडतं. तेलाचं बोट फिरवून २२० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं. आतून लोण्यासारखं होतं, पण धुराचा वास येत नाही, आणि त्या वासाशिवाय भरीत कसलं. म्हणून शेवटची दोन मिनिटं ते चिमट्यात धरून गॅसच्या आचेवर फिरवायचं. इतकं मऊ वांगं आचेवर नेताना देठ सुटू शकतं, तेव्हा खालून उलथन्याचा आधार द्यायचा. शेगडीवर तासभर रस गळून बर्नर बुजतात, तो त्रास तरी गेला.

केक पहिल्यांदा फसला. उष्णता वरून येते, त्यामुळे वरचा थर पंधरा मिनिटांत तपकिरी आणि पोटात ओलं पीठ. ओटीजीच्या कृतीतलं तापमान इथे वीसेक अंशांनी कमी करावं लागतं, भांडं बुटक्या जाळीवर ठेवावं लागतं आणि वर रंग धरला की अ‍ॅल्युमिनियमची फॉइल झाकावी लागते. ती फॉइल कडांना घट्ट दुमडली नाही तर पंखा तिला उडवतो आणि ती थेट दिव्याच्या जाळीला जाऊन चिकटते. एकदा चिकटली होती. काकांनी पाहिलं, प्लग काढला आणि यंत्र गार होईपर्यंत झाकणाला हात लावला नाही.

दिवाळीत चिवड्याचे पातळ पोहे कमी तेलात भाजावेत म्हणून मावशीने ते ताटलीत पसरून आत ठेवले. पंख्याने पोहे भांडंभर गरगरवले, काही दिव्यापर्यंत पोचून जळले, घरभर वास. पातळ पोहे, पापड, कढीलिंबाची पानं, हलकं काहीही या यंत्रात उघडं ठेवायचं नाही. शेंगदाणे चालतात, कारण ते जड असतात. पाव किलो दाणे, १६० अंश, पंधरा मिनिटं, मध्ये एकदा हलवून. सालं तेवढी उडतात.

झाकण

पाचव्या आठवड्यात जे घडलं त्यामुळे हा लेख लिहितो आहोत असं म्हणायला हरकत नाही.

मासा उलटायची वेळ झाली. काका बाहेर गेले होते. मावशीने दांडा उभा केला आणि झाकण एका हाताने उचललं. झाकण ठेवायचा तारेचा स्टँड सिंकच्या पलीकडे, सुकायला ठेवलेल्या भांड्यांमागे होता. मनगटात कळ आली, हात थरथरला, आणि समोर दिसली त्या प्लास्टिकच्या ट्रेवर तिने झाकण टेकवलं. ट्रे वितळून झाकणाच्या कडेला चिकटला. कुणाला भाजलं नाही. ते झाकण हातातून भांड्यावर पडलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मला आजही सोडत नाही. पुढचे दहा दिवस ओव्हन झाकून ठेवला होता.

मग मी टेप घेऊन गेले. ओटा जमिनीपासून ३३ इंच. त्यावर भांड्याची कड ४२ इंचांवर. झाकणाचा दांडा आणखी पाच इंच वर, आणि पंखा कडेबाहेर निघायला झाकण तीन इंच तरी उचलावं लागतं. म्हणजे हात ५० इंचांवर. मावशीची उंची चार फूट दहा इंच, खांदा साधारण ४७ इंचांवर. स्वयंपाकघरातल्या काट्यावर झाकण भरलं दोन किलो शंभर ग्रॅम. दुखऱ्या मनगटाने, खांद्याच्या वर, दोन किलो तापलेलं ओझं बाजूला वळवून ठेवायचं, तेही दर खेपेला दोनदा. आम्ही तिला हे करायला लावलं होतं.

तीन मार्ग होते. ओव्हन विकून बिजागरीवाला घ्यायचा. झाकण फक्त काकांनीच उचलायचं. किंवा यंत्र खाली आणायचं. पहिल्यात पैसे जात होते, आणि बिजागरीच्या झाकणालाही वर ढकलायला त्याच उंचीवर जोर लागला असता. दुसरा मार्ग काकांनी लगेच मान्य केला, पण मावशीने धुडकावला. "माझ्या स्वयंपाकघरात मी दुसऱ्याची वाट बघत बसू?" तिचं म्हणणं मला पटलं.

ओव्हन खाली आणला. ओट्याच्या टोकाला, पॉवर पॉइंटपासून हाताच्या अंतरावर, २४ इंच उंचीचं भक्कम लाकडी टेबल ठेवलं. त्यावर उजव्या बाजूला स्टँड कायमचा, दोन स्क्रूंनी पक्का. आता हात ४१ इंचांवर राहतो, म्हणजे छातीच्या खाली. दोन्ही हातांत कापडी मोजे, दांडा उभा करून आधी तीन-चार आकडे मोजायचे, मग झाकण सरळ वर आणि उजवीकडे. स्टँड मोकळा दिसल्याशिवाय दांड्याला हात लावायचा नाही, हा नियम तिने स्वतः केला.

खाली आणल्याने एक नवा धोका आला, तो लपवून उपयोग नाही. काच बाहेरूनही भाजेल इतकी तापते, आणि २४ इंचांच्या टेबलावर ती चार वर्षांच्या नातवाच्या तोंडासमोर येते. म्हणून नातवंडं घरात असताना ओव्हन लावायचा नाही असं ठरलं. ज्यांच्यासाठी नानकटाईची अट लिहिली होती, त्यांची नानकटाई आता ते येण्याच्या आदल्या दिवशी होते.

दोन वर्षांनंतर

आठवड्यातून चार-पाच वेळा ओव्हन लागतो. मासा, वांगं, रताळी, कणसं, दाणे, आणि सकाळचे बटाटेवडे आणले तर ते संध्याकाळी १८० अंशांवर आठ मिनिटं गरम करायला. घरात तेलाचा डबा दुप्पट दिवस पुरतो असं मावशीचं म्हणणं.

विजेची काळजी काकांना होती. त्यांचं महिन्याचं बिल शंभर युनिटच्या आत असे, आणि शंभर ओलांडले की सगळंच बिल चढ्या दराने लागतं असा त्यांचा समज होता. तसं नसतं, चढा दर शंभरच्या पुढच्या युनिटांनाच लागतो. हिशेबही मोठा नाही. बांगड्याची सतरा मिनिटं म्हणजे दिवा सतत पेटता धरला तरी ०.३७ युनिट. महिन्याला वीस वेळा, सरासरी पंचवीस मिनिटं धरली तर अकरा युनिटच्या आत, आणि दिवा मध्ये मध्ये विझत असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमी.

साफसफाई सोपी निघाली. भांडं कोमट झालं की बोटभर पाणी, दोन थेंब साबण, कमी तापमानावर दहा मिनिटं. गरम काचेवर गार पाणी कधीच नाही, ती तडकते. झाकण पाण्याखाली धरायचं नाही, प्लग काढून, गार झाल्यावर ओल्या फडक्याने पुसायचं. माशाचा वास काचेला राहत नाही, पंख्याच्या जाळीला राहतो, तिथे लिंबाची फोड फिरवावी लागते. दिव्याच्या नळीला मात्र उघडं बोट लावायचं नाही. बोटाचं तेल नळीवर राहिलं की तेवढीच जागा जास्त तापते आणि दिवा लवकर जातो.

आज पुन्हा निवडायचं झालं तर

पहिली गोष्ट, दुकानात जायच्या आधी मावशीला दोन लिटर पाण्याचं पातेलं घेऊन ओट्यासमोर उभं केलं असतं. खांद्याच्या उंचीवर दहा सेकंद धरायला सांगितलं असतं आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं असतं. इतकी साधी चाचणी मला सुचली नाही याचं वाईट वाटतं. ती केली असती तर कदाचित ओटीजी घेतला असता आणि त्याच्या दारासाठी मिक्सर हलवला असता. कमी उंचीच्या टेबलाला जागा असेल किंवा हातात बळ असेल, तर दोघांच्या घराला हॅलोजन ओव्हन चांगलाच आहे. दोन्ही नसेल तर मी तो सुचवणार नाही.

दुसरी गोष्ट सुट्या भागांची. दुकानदार "सगळं मिळेल" म्हणाला होता. नंतर डोंबिवलीत दुरुस्ती करणाऱ्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, दिवा मिळेल, पण वॅट आणि नळीचा घेर तोच हवा. घड्याळाचं बटणही मिळेल. काचेचं भांडं मात्र फुटलं तर त्याच्याकडे मिळणार नाही. हे पैसे देण्याआधी विचारायचं होतं.

तिसऱ्या गोष्टीवर घरात अजून एकमत नाही. दिवा गेला की पुढे काय, हा प्रश्न परवा निघाला. काका म्हणाले, तेव्हा ओटीजीच घेऊ, दार पुढे उघडेल, तुझं मनगट सुटेल. मावशी टेबलासमोर उभी होती, आत बांगड्याची कड रंग धरत होती. काचेवरून नजर न हलवता ती म्हणाली, "घ्या ओटीजी. पण मग मला दारातून एवढं दिसलं पाहिजे."